हॉर्मोन धरणारं प्रथिन: मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टर पेशीविना कसा बनवायचा

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ३० किलोडाल्टनच्या आसपास ठळक बँड (पट्टा) दिसला की नवखा माणूस हरखतो, फोटो काढतो, वहीत ‘झालं’ असं लिहून मोकळा होतो. बँडवरून एवढंच कळतं की अमिनो आम्लांची साखळी तयार झाली. ती साखळी नीट घडी पडून रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन धरणारं प्रथिन, झाली की नुसताच गोळा झाला, हे जेल सांगत नाही. त्यासाठी हॉर्मोनच घालून बघावं लागतं. इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला तोही असाच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस एलवुड जेन्सन यांनी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन हॉर्मोन उंदरांना दिलं, तेव्हा गर्भाशयासारख्या ऊतींनी ते धरून ठेवलं आणि बाकीच्यांनी सोडून दिलं. ‘आत याला धरणारं काहीतरी आहे’ हा तर्क त्यातून निघाला. जनुक हाती यायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. म्हणून खालची प्रत्येक पायरी करताना एकच प्रश्न समोर ठेवा: शेवटी हे प्रथिन इस्ट्राडायॉल धरेल का?

पेशीविना पद्धतीची कल्पना साधी आहे. पेशी फोडायच्या, भिंती-पडद्यांचा गाळ आणि पेशीचा स्वतःचा डीएनए काढून टाकायचा. उरलेल्या अर्कात रायबोसोम, टीआरएनए आणि लागणारी एन्झाइमं असतात. त्यात अमिनो आम्लं, एटीपी, ऊर्जेचा साठा आणि आपला डीएनए घातला की नळीतच प्रथिन बनू लागतं. १९६१मध्ये निरेनबर्ग आणि मथाय यांनी ई. कोलायच्या अशाच अर्कात नुसत्या यू-यू-यूची आरएनए साखळी घातली, तेव्हा फेनिलअॅलनिनचीच साखळी बाहेर आली आणि जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला.

जिवंत जिवाणूत हाच रिसेप्टर बनवायला गेलं तर तो बऱ्याचदा न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साचतो. नळीत मात्र झाकण उघडून हवं ते घालता येतं: हॉर्मोन, चॅपरोन (घडी पडायला मदत करणारी) प्रथिनं, झिंक, डिटर्जंट. शिवाय डीएनए हातात असला तर सकाळी सुरू केलेल्या प्रयोगाचं जेल संध्याकाळी बघता येतं. माझ्या मते दुसरा फायदा पहिल्याहून मोठा, कारण इथे चुका भरपूर होतात आणि त्या लवकर कळलेल्या बऱ्या.

आधी तुकडा ठरवा

मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा ५९५ अमिनो आम्लांचा, सुमारे ६६ किलोडाल्टनचा. सुरुवातीचा भाग सैल, ठराविक घडी नसलेला. मध्ये डीएनए धरणारा भाग, त्यात दोन झिंक फिंगर, आणि प्रत्येकात एक झिंक अणू सिस्टिन या अमिनो आम्लाच्या चार रेणूंनी पकडलेला. शेवटाकडे हॉर्मोन धरणारा भाग. पहिल्याच प्रयत्नात आख्खा रिसेप्टर करायला जाऊ नका. सैल भाग प्रोटिएजना (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना) आयतं खाद्य असतो आणि जेलवर शिडीसारखे तुटके बँड दिसतात. साधारण ३०० ते ५५४ क्रमांकांपर्यंतचा, फक्त हॉर्मोन धरणारा भाग घ्या. टॅगसकट (शुद्ध करताना पकडायला जोडलेल्या छोट्या तुकड्यासकट) तो ३० किलोडाल्टनच्या जवळ जातो, त्याला झिंक लागत नाही, आणि तो एकटा असला तरी इस्ट्राडायॉल घट्ट धरतो. १९९७मध्ये याच भागाची इस्ट्राडायॉलसह आणि रॅलॉक्सिफेन या औषधासह स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. दोन्हींत बारावं हेलिक्स वेगवेगळ्या जागी बसलेलं दिसतं: इस्ट्राडायॉल असताना ते हॉर्मोन बसायच्या खिशावर झाकणासारखं येतं, रॅलॉक्सिफेनची लांब शेपटी मात्र त्याला बाजूला ढकलते.

याच तुकड्यात चार सिस्टिन आहेत. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे त्यांचा त्रास होणार आहे.

कुठला अर्क?

ई. कोलायचा अर्क स्वस्त, भरपूर प्रथिन देणारा आणि नवख्याच्या चुका पोटात घालणारा. गव्हाच्या अंकुराचा अर्क सावकाश चालतो आणि अनेक डोमेनची मानवी प्रथिनं त्यात जास्त प्रमाणात विरघळलेली मिळतात. सशाच्या रेटिक्युलोसाइटचा (अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींचा) लायसेट, म्हणजे अर्क, प्रथिन फारच थोडं देतो, पण त्यात एचएसपी९० आणि एचएसपी७० ही चॅपरोन यंत्रणा जागेवर असते. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर करायचा असेल तर हा फरक निर्णायक आहे. एचएसपी९०ने हात दिल्याशिवाय तो रिसेप्टर स्टेरॉइड धरण्याच्या अवस्थेत राहत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी रेटिक्युलोसाइट लायसेटच घ्यावा. ते संकुल टिकावं म्हणून बफरमध्ये २० मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट घालायची जुनी आणि उपयोगी पद्धत आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टरचा हॉर्मोन धरणारा भाग मात्र एचएसपी९०वर इतका अवलंबून नसतो, म्हणून मी शिकाऊ माणसाला ई. कोलायपासूनच सुरू करायला सांगतो.

थायरॉइड उत्तेजक हॉर्मोनच्या रिसेप्टरसारखे पडद्यात सात वेळा घुसणारे रिसेप्टर वेगळ्या जातीचे. त्यांना नॅनोडिस्क (पडद्याची छोटी चकती) किंवा डिटर्जंट लागतो आणि ई. कोलायच्या अर्कात त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या चढत नाहीत. त्यांच्या वाटेला सध्या जाऊ नका.

डीएनए: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

रचना अशी: टी७ प्रमोटर (आरएनए बनणं सुरू होतं ती जागा), रायबोसोम बसायची जागा, एटीजी, हिस्टिडिनचा किंवा स्ट्रेप टॅग, रिसेप्टरचा तुकडा, लागोपाठ दोन स्टॉप कोडॉन, टी७ टर्मिनेटर. कोडॉन, म्हणजे जनुकातले तीन-तीन अक्षरांचे शब्द, ई. कोलायला रुचतील असे बदलून घ्या. एटीजीनंतरच्या पहिल्या दहा-बारा कोडॉनांत ए आणि टी जास्त ठेवा. तिथे जी-सी जास्त झाले तर एमआरएनए स्वतःवरच दुमडतो, रायबोसोमला पाय टेकायला जागा मिळत नाही, आणि बाकी सगळं बरोबर असूनही उत्पादन शून्याजवळ जातं.

आता प्लाझमिडची, म्हणजे जनुक बसवलेल्या गोल डीएनएची, शुद्धता. यात माझे तीन आठवडे वाया गेले आहेत. जीएफपीचा (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचा) कंट्रोल हिरवागार चमकायचा, रिसेप्टरच्या नळीत काहीच नाही. जनुक बदललं, तापमान बदललं, नवा अर्क उघडला. शेवटी एका सहकाऱ्याने विचारलं, “दोन्ही प्लाझमिड एकाच पद्धतीने काढलेस का?” नव्हते काढले. जीएफपीचं प्लाझमिड किटबरोबर आलं होतं, रिसेप्टरचं मी साध्या मिनिप्रेपने (थोडा डीएनए काढायच्या झटपट पद्धतीने) काढलं होतं. मिनिप्रेपच्या पहिल्याच बफरमध्ये आरएनेज हे आरएनए कापणारं एन्झाइम मुद्दाम घातलेलं असतं, आणि त्याचा अंश शेवटपर्यंत चिकटून येतो. माझा एमआरएनए तयार होता होताच कापला जात होता. मिडिप्रेप करून, वर फिनॉल-क्लोरोफॉर्मने धुऊन, इथेनॉलने बसवून घेतलेल्या डीएनएने दुसऱ्याच दिवशी बँड दिला. तेव्हापासून मी डीएनए आरएनेजमुक्त पाण्यातच विरघळवतो आणि वर आरएनेज रोधकही घालतो. डीएनए ईडीटीए असलेल्या बफरमध्ये ठेवलात तर ते ईडीटीए मॅग्नेशियम पकडतं, म्हणून तेही टाळा.

मॅग्नेशियम

तयार किट असेल तर मॅग्नेशियम आधीच जुळवलेलं असतं. अर्क स्वतः काढला असेल किंवा बॅच बदलली असेल तर रिसेप्टरला हात लावण्याआधी जीएफपी घेऊन पाच नळ्या लावा: मॅग्नेशियम ग्लुटामेट ८, १०, १२, १४ आणि १६ मिलिमोलर. दोन-चार मिलिमोलर इकडेतिकडे झालं तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. फॉस्फोइनॉलपायरुवेटसारख्या इंधनातून ऊर्जा निघते तसा फॉस्फेट साचत जातो आणि तोही मॅग्नेशियम बांधून ठेवतो. जी नळी सर्वांत जास्त चमकेल तिचा आकडा त्या बॅचच्या डब्यावर लिहा. पुढच्या बॅचसाठी तो चालेल असं धरून चालू नका.

प्रतिक्रिया लावणे

पहिल्या दिवशी चार नळ्या पुरेत, प्रत्येकी ५० मायक्रोलिटर: डीएनए नसलेली, जीएफपीची, रिसेप्टरची, आणि इस्ट्राडायॉल घातलेली रिसेप्टरची. डीएनए नसलेली नळी अनेक जण वाचवायला बघतात. वाचवू नका, शेवटच्या मोजणीत तिच्याशिवाय पान हलत नाही.

अर्क बर्फावरच वितळू द्या, हातात धरून नाही. व्होर्टेक्स करू नका, नळी बोटाने हलकेच टिचकी मारून मिसळा. वितळलेला अर्क परत गोठवायचाच असेल तर एकदाच. मग प्रत्येक नळीत साधारण असं:

अर्क १५ मायक्रोलिटर. अमिनो आम्लं, न्यूक्लिओटाइड, क्षार आणि इंधन यांचं मिश्रण २० मायक्रोलिटर. आरएनेज रोधक १ मायक्रोलिटर. टी७ आरएनए पॉलिमरेज अर्कात नसेल तर तेही. डीएनए ५ मायक्रोलिटर, १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरचा, म्हणजे एकूण ५०० नॅनोग्रॅम. बाकी पाणी. डीएनए सगळ्यात शेवटी घाला, प्रतिक्रिया तिथूनच सुरू होते. किटच्या पत्रकातली मापं वेगळी असतील तर पत्रकाचं ऐका.

सिस्टिन मोकळे राहावेत, एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून डीटीटी १ ते २ मिलिमोलर, किंवा टीसेप. डीटीटीचं द्रावण ताजं हवं. महिनोन्‌महिने खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या बाटलीत वास उरतो, ताकद नाही. पुढे कधी झिंक फिंगरसकट लांब तुकडा केलात तर झिंक क्लोराइड १० ते ५० मायक्रोमोलर घाला, पण डीटीटी झिंकही पकडतं आणि झिंक जास्त झालं तर भाषांतरच मंदावतं. म्हणून तिथेही छोटी चाचणी आधी करून बघा.

इस्ट्राडायॉलचा हिशोब नीट करा. रेणुभार २७२.४, म्हणजे २.७२ मिलिग्रॅम १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये घातलं की १० मिलिमोलर. ते २० पट पातळ करून ०.५ मिलिमोलर करा. आता अर्धा मायक्रोलिटर पिपेटने उचलायचा खेळ करू नका. हॉर्मोनच्या दोन-तीन नळ्यांचं एकत्र मिश्रण करा आणि दर १०० मायक्रोलिटरला १ मायक्रोलिटर घाला. अंतिम प्रमाण ५ मायक्रोमोलर आणि इथेनॉल १ टक्का. याहून खूप वर जाऊन उपयोग नाही. इस्ट्राडायॉल पाण्यात जेमतेम दहा-बारा मायक्रोमोलरच विरघळतं, वरचं नुसतं तरंगतं. हॉर्मोन नसलेल्या नळ्यांतही तेवढंच इथेनॉल घाला, नाहीतर फरक हॉर्मोनचा की इथेनॉलचा ते कळणार नाही. आणि कोरडी पूड वजन करताना हातमोजे, मास्क आणि हूड. नॅनोमोलरमध्ये काम करणारं हॉर्मोन आहे ते, श्वासावाटे घ्यायची वस्तू नाही.

तापमान आणि हवा

पहिल्यांदा ३० अंश सेल्सिअसला ४ तास. दुसऱ्या खेपेला तेच २० अंशांना रात्रभर. ई. कोलायचा रायबोसोम मानवी पेशीतल्या रायबोसोमपेक्षा बराच वेगाने साखळी ओढतो. घडी पडायच्या आत पुढचा भाग बाहेर आला की साखळ्या एकमेकींत गुंततात. तापमान उतरवलं की एकूण प्रथिन कमी होतं, पण विरघळलेलं प्रथिन बरेचदा वाढतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

या प्रतिक्रियेला प्राणवायू लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. अरुंद नळीच्या तळाशी उभं साचलेलं द्रावण गुदमरतं. सपाट तळाच्या २४ खाच्यांच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटर पातळ पसरवून, हलकं हलवत ठेवलं तर फरक दिसतो. शेजारच्या खाच्यांत पाणी भरून वरून झाकण लावा, नाहीतर सकाळपर्यंत थर सुकून कडेला साखरेसारखा पापुद्रा उरतो.

जेल

एकूण द्रावणातून ५ मायक्रोलिटर बाजूला काढा. उरलेलं १६,००० जी-वर १५ मिनिटं ४ अंशांना फिरवा आणि वरच्या द्रावातून ५ मायक्रोलिटर घ्या. दोन्ही शेजारी शेजारी चालवा. थेट जेलवर टाकलेले नमुने फराटे मारतात, कारण मिश्रणातलं पोटॅशियम एसडीएसबरोबर पांढरा साका करतं. थंड अॅसिटोनने प्रथिन बसवून, गोळा वाळवून, मग सँपल बफरमध्ये उकळा. नुसत्या कूमासी रंगावर अर्काची स्वतःची प्रथिनं गर्दी करतात. ४३ किलोडाल्टनचा जाड बँड ईएफ-टीयूचा असतो, तुमचा नव्हे. हिस्टिडिन टॅगने शुद्ध करत असाल तर २५ किलोडाल्टनच्या आसपास स्लायडी नावाचं ई. कोलायचं प्रथिन निकेलला चिकटून येतं आणि आपल्या तुकड्याच्या इतक्या जवळ येतं की भलेभले फसतात. डीएनए नसलेल्या नळीतही तोच बँड दिसला तर समजून जा. म्हणून मला इथे स्ट्रेप टॅग जास्त आवडतो. वेस्टर्न (अँटिबॉडीने बँड ओळखायची चाचणी) करताना अँटिबॉडी रिसेप्टरचा कुठला भाग ओळखते ते बघा. सुरुवातीचा भाग ओळखणारी असेल तर तो भाग आपण कापूनच टाकला आहे.

सगळं प्रथिन गाळात गेलं असेल तर या क्रमाने चाला: तापमान उतरवा, डीएनए निम्मा करा, हॉर्मोन घाला, मग डीएनएके किंवा ग्रोएल चॅपरोन घाला, आणि तरीही नाहीच जमलं तर पुढे माल्टोज धरणाऱ्या प्रथिनाचा मोठा टॅग जोडा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

धरतो का?

समजा वरच्या द्रावात दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम प्रथिन आहे. ३० किलोडाल्टनच्या हिशोबाने ते सुमारे १.७ मायक्रोमोलर झालं. इस्ट्राडायॉलसाठी या रिसेप्टरचा विघटन स्थिरांक (जितका कमी तितकी पकड घट्ट) १ नॅनोमोलरच्या आतला. म्हणजे मोजणीसाठी नमुना हजार पट तरी पातळ करायला हवा, नाहीतर घातलेलं सगळं हॉर्मोन रिसेप्टरच गिळून बसेल आणि वक्राला अर्थ उरणार नाही.

जुनी खात्रीची पद्धत ट्रिटियम लावलेल्या इस्ट्राडायॉलची. पातळ केलेल्या नमुन्यात ५ नॅनोमोलर खुणेचं हॉर्मोन घाला. शेजारच्या नळीत तेच, आणि वर साधं इस्ट्राडायॉल २०० पट, म्हणजे १ मायक्रोमोलर. रात्रभर ४ अंशांना ठेवा. सकाळी डेक्स्ट्रान लावलेला कोळसा घालून १० मिनिटं बर्फावर, मग फिरवा. मोकळं हॉर्मोन कोळशाबरोबर खाली बसतं, धरलेलं वर राहतं. वेळ घड्याळ लावून पाळा, कारण कोळसा जास्त वेळ राहिला तर धरलेलंही ओढून घेतो. दोन नळ्यांच्या मोजणीतला फरक म्हणजे खरं धरणं. तिसरी नळी डीएनए नसलेल्या अर्काची. तिथेही तेवढाच आकडा आला तर रिसेप्टर नव्हे, अर्कच चिकट आहे. चौथीत साध्या इस्ट्राडायॉलऐवजी १ मायक्रोमोलर कॉर्टिसॉल घाला. त्याने खुणेचं हॉर्मोन हटता कामा नये, डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनने मात्र हटायला हवं. किरणोत्सारी कामाचा परवाना नसेल तर फ्लुओरेसिन जोडलेलं हॉर्मोन आणि ध्रुवीकरण मोजणारं यंत्र हा चांगला पर्याय आहे. दोन्हीकडे काचेच्या किंवा कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा. नॅनोमोलर स्टेरॉइड साध्या प्लास्टिकच्या भिंतीला जाऊन बसतं.

आता यातला सर्वांत मोठा सापळा. घडी नीट पडावी म्हणून आपण एका नळीत ५ मायक्रोमोलर इस्ट्राडायॉल घातलं होतं. त्या नळीतला रिसेप्टर विरघळलेला छान मिळेल, आणि याच मोजणीत जवळजवळ शून्य दाखवेल, कारण खिसा आधीच भरलेला आहे आणि इस्ट्राडायॉल तिथून निघायला तासन्‌तास घेतं. प्रथिन बिघडलं म्हणून ओतून देऊ नका. असा नमुना रचना बघण्यासाठी किंवा को-अॅक्टिव्हेटरच्या (रिसेप्टरला साथ देणाऱ्या प्रथिनाच्या) पेप्टाइडबरोबरच्या कामासाठी ठेवा. हॉर्मोन धरण्याची मोजणी हॉर्मोनविना बनवलेल्या नळीवरच करा, मग तिथे विरघळलेलं प्रथिन निम्मंच मिळालं तरी चालेल. मोजणीला पिकोमोलही पुरतात.

विरघळलेलं आहे, खिसा रिकामा आहे, तरी धरत नाही, असं झालं तर आधी डीटीटीवर संशय घ्या. मग जेल फिल्ट्रेशन करून, म्हणजे आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या स्तंभातून नमुना सोडून, बघा. १६,००० जी-ला खाली न बसणारे छोटे गठ्ठे वरच्या द्रावात बेमालूम राहतात आणि स्तंभातून अगदी पहिल्यांदा बाहेर पडतात. या भागाची जोडी मात्र नैसर्गिकच असते, त्यामुळे ६० किलोडाल्टनजवळचं शिखर दिसलं तर घाबरू नका.

चांगला निघालेला नमुना १० टक्के ग्लिसरॉल घालून २० मायक्रोलिटरच्या वाट्यांत द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० अंशांना ठेवा. एक वाटी दुसऱ्याच दिवशी वितळवून धरण्याची मोजणी पुन्हा करा. आकडा पडला असेल तर उरलेल्या वाट्यांवर तारखेबरोबर तो नवा आकडाच लिहा.